जमा की विमा?

आम्ही वाटूरहून बोलतोय. परतूर तालुका, जिल्हा जालना. आम्ही म्हणजे गावातल्या बचत गटांच्या बाया आणि त्यांच्या वह्या-पासबुकं सांभाळणारी त्यांची समन्वयक. आजचा विषय वाचण्याचा आहे. पण शाळेतल्या वाचनाचा नाही. पावती, पासबुक, औषधाची पट्टी, फवारणीचा डबा या वाचनाचा. डोळ्यांना जे दिसतं आणि कागदावर जे असतं, ते नेहमी एकच असतं का, याचा.

आधी घडलेलं सांगतो. आमच्या एका गटात एक काकू आहेत. नाव घेत नाही, पण त्यांनीच सांगितलंय, "सांगा रेडिओवर, माझ्यावाणी दुसरीचं होऊ नये." काकूंनी पन्नाशी ओलांडल्यावर अक्षर गिरवलं, साक्षरतेची परीक्षा दिली, पास झाल्या. प्रमाणपत्र काच लावून देवघराशेजारी टांगलं. त्यानंतर त्यांनी गटाच्या बाहेर, घरच्या अडचणीसाठी एक कर्ज काढलं. दर महिन्याला हप्ता भरायचा आणि छापील पावती घ्यायची. पावतीवर दोन ओळी असायच्या. वरच्या ओळीत कर्ज हप्ता. खालच्या ओळीत आणखी एक हप्ता, नव्वद रुपये. काकूंनी ती खालची ओळ वाचली, "जमा हप्ता." त्यांना बरं वाटलं. कर्जही फिटतंय आणि नव्वद रुपये बाजूला जमाही होतायत. चोवीस महिने त्यांनी ते भरले. नव्वद गुणिले चोवीस, दोन हजार एकशे साठ रुपये. त्यातून नातीला पैंजण करायचे त्यांनी ठरवलं होतं.

कर्ज फिटलं. काकू जमा झालेले पैसे मागायला गेल्या. तिथल्या माणसानं पावती त्यांच्यापुढे धरली. त्या ओळीत "जमा" नव्हतंच. "विमा हप्ता" असं होतं. शाई पुसट होती, पण होतं तेच.

काकू तिथून थेट आमच्याकडे आल्या. प्रमाणपत्र भिंतीवरून काढून पदराखाली आणलं होतं. म्हणाल्या, "ताई, हे परत घ्या. मला वाचता येत नाही. उगाच लोकांना सांगत फिरले."

आता आमची गोष्ट. ती सांगायला जड जाते, पण सांगायला हवी. दुसऱ्याच महिन्यात काकूंनी ती पावती आम्हाला दाखवली होती. "बघा बरं, बरोबर आहे ना?" आम्ही बी.ए. झालेल्या. आम्ही पावती हातात घेतली, वरचा आकडा पाहिला, खालची ओळ नजरेखालून घातली आणि म्हणालो, "बरोबर आहे, काकू." म्हणजे त्या पावतीवर चुकलेले डोळे एकट्या काकूंचे नव्हते. मग प्रमाणपत्र कुणी कुणाचं परत घ्यायचं?

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. काकूंना "मा" वाचता येतो. "व" येतो, "ज" येतो, वेलांटी येते. चष्माही नवा होता. मग "विमा"चं "जमा" झालं कसं? हे शोधायला आम्ही बसलो. कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्याची जुनी वही काढली. त्यातून जे समजलं ते आधी गटाच्या बैठकीत करून पाहिलं. तुम्हीही करून पाहा, खर्च काही नाही.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून आम्ही चिठ्ठ्या केल्या. चार चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरात चार शब्द लिहिले: भाकर, विहीर, कापूस, पाऊस. दुसऱ्या चार चिठ्ठ्यांवर तीच अक्षरं, पण जागा बदलून: रभाक, रविही, सकापू, सपाऊ. अक्षरं तीच, मात्रा त्याच, संख्या तीच. बदललं एवढंच की पहिल्या चार शब्दांना अर्थ आहे, दुसऱ्या चारांना काहीच अर्थ नाही. बाया समोर बसल्या. एक टाळी वाजेपर्यंत चिठ्ठी दाखवायची आणि लगेच पालथी करायची.

भाकर, विहीर, कापूस, पाऊस. ज्यांना थोडंफार वाचता येतं त्या सगळ्याजणींनी टाळीबरोबर सांगितलं. मग "रभाक" दाखवलं. तिघी-चौघी म्हणाल्या, "भाकर!" चिठ्ठी पुन्हा दाखवली. पुन्हा, "भाकरच की!" तिसऱ्यांदा हातात दिली तेव्हा एक मावशी बोट ठेवत बोलली, "र... भा... क... आं? ही कसली भाकर? उलटी पडली काय तव्यावर?" सगळ्या हसल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या चिठ्ठीकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझं असंच झालं."

व्हय काकू, असंच झालं. आणि हे फक्त आपलं, वाटूरच्या बायांचं होत नाही. साऱ्या जगातल्या वाचणाऱ्या माणसांचं होतं.

जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. माणूस गोष्टी किती वेळात पाठ करतो आणि किती लवकर विसरतो, हे त्यांना मोजायचं होतं. पण नेहमीचे शब्द घेतले तर त्यांना आधीच अर्थ चिकटलेला असतो, आठवणी चिकटलेल्या असतात. म्हणून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक अक्षरजोड तयार केले. ज्यांना काहीच अर्थ नाही, आपल्या "सपाऊ"सारखे. ते स्वतःच पाठ केले, स्वतःच तपासले आणि १८८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक तुलना आहे. तेवढ्याच लांबीची कविता पाठ करायला त्यांना निरर्थक अक्षरांच्या मानानं साधारण दहावा हिस्सा मेहनत लागली. कवितेला अर्थ होता, लय होती, एक ओळ दुसरीचा हात धरून येत होती. निरर्थक अक्षरं म्हणजे मोट न बांधलेली काटक्यांची रास. उचलायला गेलं की सांडते.

त्याच काळात जर्मनीतल्या लाइपझिग शहरात जेम्स कॅटेल नावाचा एक अमेरिकन अभ्यासक काम करत होता. त्यानं डोळ्यांची परीक्षा घेतली. क्षणाच्याही छोट्या हिश्शापुरती अक्षरं दाखवायची आणि काय दिसलं ते विचारायचं. एकमेकांशी संबंध नसलेली सुटी अक्षरं दाखवली तर माणसाला तीन-चारच सांगता यायची. पण तेवढ्याच वेळात दोन सुटे शब्द दिसायचे. आणि वाक्य दाखवलं तर त्यातले चार शब्द दिसायचे. डोळे तेच, वेळ तोच. अर्थ वाढला तसं दिसणं वाढलं. म्हणजे सरावलेला माणूस एक अक्षर, मग दुसरं, मग तिसरं असं मोजत वाचत नाही. ओळखीचा शब्द तो गठ्ठ्यानं उचलतो.

कुणी म्हणेल, दिसलं नसेल, अंदाजानं सांगितलं असेल. हीच शंका पुढच्या अभ्यासकांनाही आली. १९६९ साली रायशर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं त्यावर एक तोड काढली. ती आपल्या अक्षरांत सांगतो. समजा, क्षणभर "घर" दाखवलं आणि विचारलं, पहिलं अक्षर घ होतं की ध? घ धरला तर "घर" होतं, ध धरला तर "धर" होतं. दोन्ही खरे शब्द. त्यामुळे नुसत्या अंदाजाचा उपयोग नाही, अक्षर दिसलेलंच पाहिजे. मग नुसतंच "घ" दाखवून तोच प्रश्न विचारायचा. आणि मग निरर्थक अक्षरांच्या गर्दीत "घ" घालून विचारायचं. त्यानं हे इंग्रजी अक्षरांवर केलं. उत्तर असं आलं की अक्षर शब्दात असताना सगळ्यात चांगलं ओळखता येतं. एकट्या अक्षरापेक्षाही चांगलं. ऐकायला उलटं वाटतं. एकटं अक्षर सोपं असायला हवं ना? पण तसं नाही. माणूसही गावात ओळखू येतो तसा परक्या स्टँडवर एकटा उभा असताना येत नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकल्यावर आम्हाला आमचे साक्षरता वर्ग आठवले. संध्याकाळी बाया दमून यायच्या आणि आम्ही फळ्यावर बाराखडी लिहायचो. ख, खा, खि, खी. मग ठ, मग ढ. त्या म्हणायच्या, पाठही करायच्या आणि आठ दिवसांनी विसरायच्या. आम्ही म्हणायचो, यांचं लक्ष नाही. लक्ष कुठून राहणार? "ढे" म्हणजे काय? "ठौ" कुठं उगवतं? आम्ही त्यांना एबिंगहाउसची निरर्थक अक्षरं पाठ करायला लावत होतो आणि वर त्यांनाच नावं ठेवत होतो.

आणि ह्याच बाया वाटूर फाट्यावर उभ्या राहिल्या की लांबून गाडीची पाटी बघून म्हणतात, "चला, मंठ्याची आली." "ही परतूरची." "जालन्याची मागून येतीय." ज्यांना वर्गात "ज" ओळखता येत नव्हता, त्यांना पाटीवर "जालना" ओळखता येत होतं. कारण जालना म्हणजे मोंढा, जालना म्हणजे दवाखाना, जालना म्हणजे लेकीचं सासर. त्या शब्दात जीव अडकलेला आहे.

हे सूत्र जगात दुसऱ्या लोकांनी आपल्या खूप आधी पकडलं होतं. ब्राझील देशात पाउलो फ्रेअरे नावाचे एक शिक्षक होते. १९६३ साली अँजिकोस नावाच्या गावात त्यांनी सुमारे तीनशे शेतमजूर आणि कष्टकऱ्यांना साधारण चाळीस तासांत लिहा-वाचायला शिकवायचा प्रयोग केला. त्यांनी काय केलं? आधी लोकांशी गप्पा मारल्या. ते रोज कशाबद्दल बोलतात, कशासाठी भांडतात, कशाची आशा धरतात ते ऐकलं. त्यातून थोडे शब्द निवडले. वीट हा त्यातल्या त्यात गाजलेला शब्द. आधी त्या शब्दावर बोलायचं. वीट कोण थापतं, घर कुणाचं होतं? मग तो शब्द बघायचा. मग त्याचे तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांना स्वर लावून नवे तुकडे बनवायचे. ते स्वर लावणं म्हणजे काय तर आपली बाराखडीच! पण ती आली शब्दाच्या मागून, शब्दाच्या पुढे नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडलंय. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाच्या दिवशी, आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या, गुलाबी साड्या, खांद्याला दप्तर, हातात पाटी. घरचं काम आवरून दुपारी शाळा. त्या आज्यांना नोकरी करायची नव्हती. पोथी आपल्या डोळ्यांनी वाचावी, अंगठ्याच्या जागी आपलं नाव लिहावं, एवढीच आस होती. पोथीतले शब्द त्यांनी जन्मभर कानांनी ऐकलेले होते. अर्थ आधीच घरात येऊन बसला होता, फक्त अक्षरांना दार उघडायचं होतं.

सरकारी हिशोबातही हेच आहे. जनगणनेत साक्षर कुणाला धरतात? सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, त्याला. "समजून" हा शब्द त्या व्याख्येतच आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात बायकांची साक्षरता ७५.८७ टक्के होती. आपल्या जालना जिल्ह्यात त्याहून बरीच कमी. हल्ली पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी "उल्लास" नावाचा कार्यक्रम चालू आहे, त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान तपासतात. ती परीक्षा जरूर द्या. पण परीक्षेच्या कागदावर वाचता आलं आणि पावतीवर नाही, असं होऊ नये. त्यासाठीच हे सगळं बोलणं.

आम्ही आमचा वर्ग बदलला. पहिल्या दिवशी बाराखडी नाही. प्रत्येकीनं आपला एक शब्द सांगायचा. कुणी "माहेर" म्हणालं, कुणी "म्हैस", कुणी "पाणी", कुणी "तूर". एका वहिनीनं "दारू" सांगितला. थोडा वेळ सगळ्या गप्प झाल्या. मग तिनंच तो पाटीवर पाहिला, दहा वेळा लिहिला आणि शेवटी पुसून टाकला. तो शब्द ती आजही विसरलेली नाही. "पाणी" आलं की त्याचे तुकडे करायचे: पा, णी. "पा"वरून पाऊस, पाटी, पाटील. "णी"वरून लोणी, राणी, वेणी. मग शेवटी बाराखडी. आता त्या "प, पा, पि, पी" म्हणतात तेव्हा प्रत्येक अक्षरामागे काहीतरी उभं असतं.

इथपर्यंत अर्थाचं कौतुक झालं. आता त्याची दुसरी बाजू, म्हणजे काकूंच्या पावतीची बाजू.

अर्थ डोळ्यांना मदत करतो, तसाच तो डोळ्यांना चकवतोही. काकू पंधरा वर्षं गटाच्या पासबुकात "जमा" हा शब्द बघत होत्या. दर महिन्याला, दर बैठकीत. "विमा" त्यांनी कानांनीही फारसा ऐकलेला नव्हता, डोळ्यांनी तर नाहीच. पावतीवर पुसट शाईत दोन अक्षरं, त्यातलं दुसरं "मा", पुढे "हप्ता". मनानं विचारलं, "मा"नं संपणारं, पैशाचं, ओळखीचं काय? जमा! आणि डोळ्यांनी "जमा" पाहिलं. काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरोखर "जमा" दिसलं. आणि आम्ही? आम्हाला "विमा" माहीत होता. पण आमच्या मनात "काकूंचा कर्ज हप्ता बरोबर आहे ना" एवढंच होतं. जे बघायचं ठरवून गेलो तेवढंच पाहिलं.

आपल्या अक्षरांत असे सापळे पुष्कळ आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. "भाकर" लिहिलेलं कुणी "माकर" वाचत नाही, कारण माकर काही नसतंच. अर्थ आपल्याला सावरतो. पण जिथे दोन्ही बाजूंनी अर्थ लागतो, तिथे पाय घसरतो. आणि जिथे कुठल्याच बाजूनं अर्थ लागत नाही, तिथेही घसरतो. औषधांची नावं घ्या. त्यांचा आपल्या भाषेत काही अर्थ नाही. आपल्यासाठी ते "रभाक"च. दोन नावांची सुरुवात सारखी आणि शेवट वेगळा असेल, तर डोळा सुरुवात पाहून पुढे सरकतो.

आकड्यांचंही तसंच. आधार क्रमांक बारा आकडी. खात्याचा नंबर त्याहून लांबही असतो. त्यात अर्थ नाही, म्हणून डोळ्याला धरायला काही नाही. म्हणूनच आधार कार्डावर ते बारा आकडे चार-चारचे तीन गट करून छापलेले असतात. बँकेचा आयएफएससी कोड अकरा चिन्हांचा असतो. त्यातली पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पाचवं नेहमी शून्य. पुष्कळ जणी त्या शून्याला इंग्रजी ओ समजून लिहितात आणि मग पैसे अडकतात. पाचवं शून्य, एवढं एक लक्षात ठेवलं तरी एक हेलपाटा वाचेल.

मग करायचं काय? आम्ही गटात पाच सवयी लावून घेतल्या आहेत. त्या तुम्हाला सांगतो.

पहिली सवय, पैशाच्या आणि औषधाच्या कागदावर बोट ठेवून वाचायचं. पोथी गठ्ठ्यानं वाचा, गोष्ट गठ्ठ्यानं वाचा. पावती मात्र अक्षर-अक्षर. "वि... मा." बोट ठेवलं की मन पुढे पळू शकत नाही. बोट ठेवून वाचणं हे अडाण्याचं लक्षण आहे, असं आपल्याला शाळेत कुणीतरी शिकवलेलं असतं. ते विसरा. बँकेतला रोखपालही नोटा बोटांनीच मोजतो.

दुसरी सवय, एकीनं वाचायचं आणि दुसरीनं ऐकून सांगायचं, "म्हणजे काय?" वाचणारीला अर्थ सांगता आला नाही तर तो शब्द वाचला असं धरायचं नाही. "प्रक्रिया शुल्क" वाचलं. म्हणजे काय? सांगता येत नाही. मग सही थांबवायची. विचारायची लाज वाटली तर सगळ्या गटानं मिळून विचारायचं.

तिसरी सवय, महिन्याला पाच नवे शब्द. आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक कागद लावलाय. त्यावर मुद्दल, व्याज, विमा, जामीन, दंड. पुढच्या महिन्यात दुसरे पाच. नुसते लिहायचे नाहीत, प्रत्येकावर गोष्ट सांगायची. विमा म्हणजे काय? आपण हप्ता भरतो, ठरलेलं संकट आलं तर पैसे मिळतात, नाही आलं तर बहुतेक कर्ज विम्यांमध्ये हप्ता परत येत नाही. बचत परत येते, असा विमा हप्ता परत येत नाही. एकदा हे मनात बसलं की पुसट शाईतही डोळा "विमा" ओळखतो. शब्द ओळखीचा व्हायला मोठं शिक्षण लागत नाही, कामाची भेट लागते. "ओटीपी" या शब्दाचा मराठीत काय अर्थ? काही नाही. तरी आज गावातली आजीसुद्धा तो ओळखते, आणि तो कुणाला सांगायचा नाही हेही तिला माहीत आहे. गरज पडली, वारंवार भेटला, म्हणून निरर्थकाला अर्थ आला.

चौथी सवय, आठवड्याला एकदा उलटे शब्द. रभाक, सकापू, रविही. हा खेळ आहे, पण त्यात परीक्षाही आहे. ओळखीचा शब्द आपण वाचतो की नुसता ओळखतो, हे बाहेरून कळत नाही. निरर्थक शब्द वाचता आला तर समजायचं, अक्षर पक्कं झालं. म्हणून वाचनाच्या चाचण्यांतही काही ठिकाणी मुद्दाम असे बिनअर्थाचे शब्द देतात. अर्थ आणि अक्षर, दोन्ही बैलं जोडीनं चालली पाहिजेत. एकच बैल जुंपला तर औत गोल फिरतं.

पाचवी सवय शेतकरणींसाठी. फवारणीच्या डब्यावरचं नाव वाचता नाही आलं तरी डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात कमी विषारी. कमी म्हणजे नाही असं नव्हे. हिरव्या त्रिकोणाचा डबाही धुऊन पाणी भरायला घ्यायचा नाही. आणि नाव वाचायचंच, दुकानदाराच्या चिठ्ठीवरचं आणि डब्यावरचं, दोन्हीकडे बोट ठेवून, शेवटच्या अक्षरापर्यंत.

शेवटी काकूंचं सांगतो. ते दोन हजार एकशे साठ रुपये परत आले नाहीत. विमा खरा होता, कागद मागून घेतला, वाचला, सगळ्यांसमोर बोट ठेवून वाचला. पैसे मागायला आधार नव्हता. पैंजण राहिले ते राहिले. काकूंनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. आम्ही घरी गेलो आणि म्हणालो, "काकू, पावती आम्हीही पाहिली होती. चूक तुमच्या शिकण्याची नाही. आम्ही तुम्हाला अक्षर दिलं, शब्द दिले नाहीत. आणि विचारलंत तेव्हा नीट बघितलंही नाही." काकूंनी चहा ठेवला. खूप वेळानं म्हणाल्या, "मग आता तुम्हीही बोट ठेवून वाचत जा."

प्रमाणपत्र पुन्हा देवघराशेजारी गेलंय. आता गटात कुणीही नवी बाई आली, कर्जाची पावती आणली, की काकू चष्मा लावतात, पावती उजेडात धरतात आणि तिलाच वाचायला लावतात. ती भरभर वाचायला लागली की काकू तिचं बोट धरून पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवतात. मागच्या महिन्यात अशाच एका पावतीवर त्यांनी "दंड" हा शब्द पकडला. हप्ता वेळेवर भरलेला होता, तरी तो लागला होता. त्या बाईनं जाऊन विचारलं आणि तो निघाला. रक्कम फार नव्हती. पण वाटूरला त्या दिवशी बैठक जरा लांबली.

तर मैत्रिणींनो, आज रात्री एक काम करा. घरातली एक पावती काढा. लाईटबिल असेल, बँकेचं पासबुक असेल, दुकानाचं बिल असेल. बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. जो शब्द दिसतो पण कळत नाही, तो वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या मिळून त्याला अर्थ लावू. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांनी आपला एक आवडता शब्द मनात धरून वर्गाला या. तिथूनच सुरुवात करू.